पाचशे किलोंच्या आतलं वेड

बाह्या वर करा. साल १९५८, उत्तर लंडन, भाड्याचं एक अरुंद गॅरेज. समोर पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेट मारून बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि भोवती खोकीच खोकी. ही तुमची लोटस सेव्हन. हॉर्न्सीच्या टॉटनहॅम लेनवर लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या वडिलांचं रेल्वे हॉटेल आहे; त्या हॉटेलच्या मागच्या बाजूला ही गाडी तयार होते. त्या जागेला कारखाना म्हणायला मन जरा मोठं करावं लागतं.

गाडी सुट्या भागांत का आणलीत? पैशांपायी, दुसरं काय! तयार गाडी परचेस टॅक्स धरून हजार पौंडांच्या वर जाते. लोटसकडचे सुटे भाग मात्र ३९९ पौंडांना, फोर्डचं इंजिन आणि गिअरबॉक्स १०० ला, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचा मागचा अ‍ॅक्सल २७ ला. झाले ५२६. कर तयार गाडीवर आहे, खोक्यांवर नाही. जोडणीच्या सूचना देऊ नका असा नियम होता, म्हणून लोटसवाल्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असा किस्सा सेव्हनवाले आजही रंगवून सांगतात. त्यात तिखटमीठ किती ते सोडा. चॅपमनला तो शोभतो.

आता पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा. वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा व्ही आकाराचा दांडा, शोधताय ना? अर्धाच सापडेल. उरलेल्या अर्ध्याचं काम अँटी-रोल बार करतो. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून हा बार लावायचा होताच, मग चाक धरून ठेवायलाही त्यालाच जुंपला. पत्र्याचंही तेच. तळाचा आणि मधल्या बोगद्याचा पत्रा नुसता झाकायला नाही, तो सांगाड्याला ताठ ठेवतो. म्हणून काही नळ्या गाळता आल्या. बोल्ट आधी बोटांनी फिरवा, आटे नीट बसले की मगच पाना लावा. हे करताना एक गोष्ट लक्षात येते: या गाडीत उगाच असलेला एकही तुकडा तुमच्या हाताला लागत नाही. वजन कधी एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. गाडी जड झाली की इंजिन मोठं हवं, मोठ्या इंजिनाला चॅसी दणकट हवी, ते सगळं थांबवायला ब्रेक मोठे, की पुन्हा इंजिन कमी पडायला लागलं. चॅपमनने हे चक्र उलटं फिरवलं. गाडी भरली पाचशे किलोंच्या आत.

काही शनिवार-रविवार गेले. चला, हर्टफर्डशरकडे. दार नाही, तेव्हा पाय उचलून आत टाका आणि सीटवर घसरा. हात लांब केलात तर डांबराला टेकेल. (टेकवू नका.) ११७२ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, ४० हॉर्सपॉवर, गिअर तीन. ‘द मोटर’ मासिकाच्या चाचणीत ताशी ६० मैल गाठायला हिला जवळजवळ १८ सेकंद लागली. आजची साधी हॅचबॅकसुद्धा हिला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकेल. टाकू दे. वळण येऊ दे. मनगट जरासं वळवलंत की नाक आत शिरतं, मागचं अंग मुकाट्याने पाठोपाठ येतं, आणि अरुंद टायर कुठवर धरतील ते तुमच्या बुडाला आधी कळतं, डोक्याला नंतर. पावसाचं म्हणाल, तर भिजायचं.

पंधरा वर्षं पुढे या, सरे परगण्यातल्या केटरहॅमला. १ एप्रिल १९७३ ला परचेस टॅक्स गेला, व्हॅट आला आणि खोक्यांची ती सवलत संपली. लोटसला एव्हाना महागड्या गाड्यांचे वेध लागले होते. सेव्हन विकणाऱ्या ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅम कार्सने तिचे हक्क घेतले. हाती आली ती चौथी मालिका: फायबरग्लासचं अंग, जरा ऐसपैस, जरा सुधारलेली. तिचे भाग संपले तसे १९७४ मध्ये नर्न यांनी सरळ जुनी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची तिसरी मालिकाच पुन्हा काढली. नवं मॉडेल मोडीत काढून जुनं विकायला ठेवणारा गाडीवाला मला तरी दुसरा चटकन आठवत नाही. आणि लोक? कराची बचत उरली नाही तरी खोकी न्यायला येतच राहिले. हिशेबात न बसणारं जे काही उरतं ना, तेच ते वेड.

आजच्या तारखेला याल, तरी केटरहॅम ब्रिटनमध्ये सेव्हन सुट्या भागांत विकतेच आहे. काही मॉडेलांवर तर पूर्ण विंडस्क्रीन हवी असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. तुम्ही मोजू नका. चष्मा लावा.