बिऱ्हाड कुठे करायचे?

‘बिऱ्हाड’ हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्द आहे. कोकणातला किंवा घाटावरचा एखादा तरुण नोकरीसाठी मुंबईला गेला, तर तो मुंबईत नुसता ‘असायचा’. कुणा गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं आणि शिमग्याला, गणपतीला घरी यायचं, असा त्याचा क्रम. पण बायकोमुलांना घेऊन गेला की गावात बातमी व्हायची : ‘अमक्याने मुंबईत बिऱ्हाड केलं.’ एकट्या माणसाला कुठे राहायचं हा प्रश्न फारसा छळत नाही. काम जिथे, त्याच्या जवळ पाठ टेकायला जागा मिळाली की झालं. बिऱ्हाड करायचं ठरलं की मात्र पाणी, शाळा, डॉक्टर, शेजार आणि भाडं अशी सगळी मंडळी दाराशी येऊन उभी राहतात. मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाने या प्रश्नाचं उत्तर कसकसं दिलं, ते आज सांगायचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं. कचेऱ्या फोर्टात, तेव्हा राहायचं गिरगावात. तिथून चालत कचेरी गाठता येई. ट्रामचा आणासुद्धा वाचे. शाळा हाकेच्या अंतरावर, देवळं जवळ, आणि वरच्या मजल्यावरून कुणी हाक मारली तर ती आपल्याच बोलीत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तो याच वस्तीत. उणीव होती ती जागेची. एक खोली किंवा दीड खोली, समोर लांबलचक गॅलरी, तिच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास, आणि नळाचं पाणी ठरल्या वेळेपुरतं. विहारचं पाणी १८६० पासून शहरात आलं होतं, १८९२ पासून तानशाचंही येऊ लागलं. पण धरणातलं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या हंड्यात पडायचं, तर ते कुणीतरी वाहून न्यावं लागे. ते कोण वाहत असे हे सांगायला नकोच.

मग आली प्लेगाची साथ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने हा रोग ओळखला आणि काही महिन्यांत शहर ओस पडू लागलं. सरकारी माणसं घरोघर शिरत, भिंतींना चुना फासत, उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं उतरवीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवून जात. ज्यांना शक्य होतं ते गावी पळाले. ज्यांची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, त्यांतल्या पुष्कळांनी शहराबाहेर मोकळ्या जागी झोपड्या घातल्या आणि तिथून गाडीने कामावर येऊ लागले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ साली ७ लाख ७६ हजारांवर उतरली. मुंबईसारख्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, ही साधी गोष्ट नव्हे.

साथ ओसरल्यावर लोक परतले. पण शहराबाहेर राहून शहरात नोकरी करता येते, हा अनुभव त्यांच्या गाठीला राहिला. उपनगराची आवड आपल्याला हौसेने लागली असं मला वाटत नाही. ती आधी भीतीने लागली, हौस मागाहून आली.

सरकारनेही धडा घेतला आणि १८९८ साली मुंबई शहरासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. त्यात जेवढी माणसं बेघर झाली, तेवढ्यांना नवी घरं काही मिळाली नाहीत, हा त्याच्यावरचा आक्षेप खोटा नाही. पण त्याच ट्रस्टने बेटाच्या उत्तरेला, दादर-माटुंग्याच्या भातखाचरांत, रस्ते आखून ठेवले. गंमत अशी की आखलेले प्लॉट बरीच वर्षं तसेच पडून होते. इतक्या लांब जाणार कोण, असं लोक म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर गिरगावात जागा मिळेना आणि भाडी परवडेनात, तेव्हा कुठे तिथे घरं उठू लागली. या नव्या इमारतींत ‘ब्लॉक’ नावाची नवी वस्तू होती : दोन-तीन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि न्हाणीघर व संडास दाराच्या आत. आज यात आपल्याला काही वाटत नाही. त्या वेळी सोवळ्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना संडास स्वयंपाकघराच्या इतक्या जवळ असणं मुळीच रुचलं नाही. पण रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाशी जावं लागणाऱ्या सुनांना विचारलं असतं, तर त्यांनी निराळं उत्तर दिलं असतं!

घराबरोबर शेजारही निवडला जात होता. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली आणि सर्वांनी मिळून घर बांधण्याची एक चांगली वाट दाखवली. पुढे पारशांची कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली, माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी एकवटली. परक्या शहरात आपल्या माणसांत राहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. मात्र ‘आपली माणसं’ म्हटलं की कुणीतरी दाराबाहेर राहतंच, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला आले. त्यांचं बिऱ्हाड परळला, गिरणी-कामगारांच्या वस्तीत, डबक चाळीतल्या एका खोलीत झालं. त्या गर्दीत मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील त्याला लवकर निजवीत आणि पहाटे दोन वाजता उठवीत. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१७ साली, परदेशात शिकून आल्यावर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मोठी पदवी होती, दरबारची नोकरी होती, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, आणि ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढलं. शहर कोणतं, वस्ती कोणती, हे निवडण्याआधी निवडण्याची मुभा मिळावी लागते. पुढे अनेक वर्षं ते परळला ट्रस्टच्याच चाळीत दोन खोल्यांत राहिले. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते पुस्तकांची सोय आधी पाहून. दादरच्या इतिहासात हे घर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आता थोडं घरचं सांगतो. माझे आजोबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि त्यांचं बिऱ्हाड गिरगावात, दीड खोलीत होतं. १९२६ च्या पावसाळ्यात त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आत्या, तापाने गेली. तीन वर्षांची होती. हिवतापाचा मुंबईला जुना शाप. विहिरींत वाढणाऱ्या डासांमुळे तो पसरतो असा अहवाल डॉक्टर बेंटले यांनी १९११ सालीच दिला होता आणि शहरातल्या पुष्कळ विहिरी त्यापायी झाकल्या गेल्या होत्या. आत्याला नेमका कोणता ताप होता हे घरात कुणी कधी नीट सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाली, ‘‘या जागेत मी आणखी एक पावसाळा काढणार नाही.’’

आजोबांचं म्हणणं वेगळं. ‘‘अगं, उपनगर म्हणजे रानच. रात्री कोल्हे ओरडतात म्हणे. दुखलंखुपलं तर डॉक्टर कुठला आणायचा? आणि माझे येण्याजाण्याचे दोन-अडीच तास रोज मातीत.’’ हेही खोटं नव्हतं. ते चालत दहा वाजता कचेरीत पोचत आणि सहाच्या आत घरी येऊन मुलाला पाढे म्हणायला बसवीत. घर लांब झालं की पाढे बुडणार.

शेवटी असं ठरलं की रविवारी जागा पाहायच्या आणि आजीनेही बरोबर जायचं. बाईमाणसाने जागा पाहायला जाणं तेव्हा रूढ नव्हतं. आजीने कनवटीला एक पुरचुंडी लावली. तिच्यात मूठभर तूरडाळ. जिथे जागा पाहायची, तिथल्या शेजारणीकडे जाऊन ती म्हणायची, ‘‘बाई, तुमच्या विहिरीच्या पाण्यात एवढी डाळ शिजत घालता का?’’ एका उपनगरात पाणी मचूळ निघालं, तासाभरानेही डाळ टणकच. ते उपनगर बाद! जागा हवेशीर होती, भाडं कमी होतं, आजोबांच्या मनातही भरली होती. पण डाळ शिजली नाही म्हणजे नाही. पार्ल्याच्या विहिरीवर डाळ मेणासारखी शिजली आणि बिऱ्हाडाचा निर्णय झाला.

पार्ल्याची दुसरी जमेची बाजू शाळा. लोकमान्य १९२० साली गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे पार्ले टिळक विद्यालय निघालं. पाठोपाठ लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. उपनगरात घरं आधी होतात आणि संस्था मागाहून येतात, असा सर्वसाधारण समज आहे. पण जिथे संस्था लवकर आल्या, तिथे घरं भराभर झाली, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. दादरला किंग जॉर्ज विद्यालयाने हेच केलं; १९३७ साली रुईया कॉलेज आल्यावर मॅट्रिक झालेल्या पोराला दक्षिण मुंबईत धाडण्याचंही कारण उरलं नाही. पु. ल. देशपांडे यांचं बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत कॉलनीत गेलं, मग त्यांचं कुटुंब पार्ल्याला आलं. तेही या पार्ले टिळकचेच विद्यार्थी.

राहिली गाडी. १८६७ सालापासून विरारहून मुंबईला गाडी येत होती, पण ती वाफेची आणि बेताबेताने येणारी. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत वीज आली ती जानेवारी १९२८ मध्ये. आमच्या घरच्यांनी १९२७ च्या उन्हाळ्यात पार्ल्याला सामान हलवलं. म्हणजे पहिले सहा-सात महिने आजोबांनी धुराच्या गाडीत काढले. कोट काळा होई म्हणून ते तो घडी करून मांडीवर ठेवीत. विजेची गाडी आल्यावर वेळ पुष्कळ वाचला. तरी सकाळी ते निघत तेव्हा मुलाची अंघोळ चाललेली असे, आणि परतत तेव्हा तो जेवून पेंगत असे. पाढे आजीने घेतले. तिला तिसाच्या पुढचे येत नव्हते, ते ती आधी शेजारच्या मास्तरांकडून पाठ करून घेई. माझे वडील पुढे म्हणत, ‘‘पार्ल्याने मला हवा दिली, शाळा दिली, मित्र दिले. फक्त बाबा रविवारचे झाले.’’

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात निवड कमी आणि नाइलाज जास्त. फाळणीनंतर १९४७ साली आलेल्या निर्वासितांना मुलुंड, चेंबूर, उल्हासनगर ही नावं कुणी पसंतीला दाखवली नव्हती. त्याच वर्षीच्या भाडेनियंत्रण कायद्याने जुने भाडेकरू जागेवर पक्के बसले. पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधण्यात मालकांना रस उरला नाही, आणि जुनी खोली मिळवायची तर हातात पागडी हवी, असा काळ आला. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. तोवर कारकुनाचं बिऱ्हाड त्या हद्दीच्याही पलीकडे, डोंबिवलीकडे, निघालेलं होतं. गाडीतला वेळ वाढत गेला. तो कुणी भाड्यात धरला नाही.

आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात रेल्वेचे जुने पास दोऱ्याने बांधलेले निघाले. तीस वर्षांचे नव्हते, पण पुष्कळ होते. ते का ठेवले, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘हिशेबाला.’’ कसला हिशेब, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे पार्ल्याच्या घरात नळ आला, पाणी दोन्ही वेळा येऊ लागलं, आणि घरमालकाने विहीर बुजवायचा विचार काढला. आजी तेव्हा सत्तरीला आली होती. ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘नळाचं पाणी आंघोळीला घ्या, धुण्याला घ्या. माझी डाळ या पाण्यात शिजायची आहे.’’ ती होती तोवर विहीर तशीच राहिली.