दऱ्या आणि दर्या : संगणकीय देवनागरीतील एक गृहीत

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) आपली पासोडी कापडावर लिहिली, तेव्हा अक्षराचे वळण लिहिणाऱ्याच्याच हाती होते. संगणकावर लिहिणाऱ्यास ते आधीच ठरलेले मिळते. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या ‘दऱ्या’ टंकित करताना र, हलन्तचिन्ह व य एवढेच दिले, तर यंत्र रफार गृहीत धरून ‘दर्या’ उमटविते. अवर्षणग्रस्त प्रदेशात अवचित समुद्र अवतरतो! संस्कृत वा हिंदी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे गृहीत गैर नव्हे. मराठी लिहिणाऱ्यास मात्र दोन्ही रूपे हवीत. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत (1996) या अर्ध्या र-साठी हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह देण्याची योजना होती. पुढे ‘इस्की’ या भारतीय मानकास अनुसरून ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून ते रूप साधण्याची रीत प्रमाण मानली गेली. जुने लेखन बिघडू नये म्हणून पहिली रीतही राखली. हार्फबझ ही मुक्तस्रोत अक्षरजुळणी-प्रणाली दोन्ही रीती स्वीकारते. ही उदारता स्तुत्य खरी. परंतु डोळ्यांस एकरूप दिसणारे हे शब्द यंत्राच्या लेखी भिन्नच राहतात, आणि एका रीतीने शोध घेणाऱ्या अभ्यासकास दुसऱ्या रीतीने टंकित झालेले कागद हाती लागतीलच असे नाही.