ध्वनिमुद्रिका कंपनी आणि मराठी गाणें

व्यापारी पेढीचा इतिहास म्हटला म्हणजे भांडवल, नफातोटा आणि मालकांचीं नांवें एवढेंच डोळ्यांपुढें येतें. ग्रामोफोन कंपनीचा इतिहास मात्र तेवढ्यावर संपत नाहीं. तिच्या वखारींत जो माल सांठला, तो होता माणसांचा आवाज. आणि जे आवाज तिनें सांठविले नाहींत, ते आज कोणत्याहि मोलानें मिळण्यासारखे नाहींत. या कंपनीनें महाराष्ट्राला काय दिलें आणि काय दिलें नाहीं, हा हिशेब म्हणूनच जमाखर्चाच्या वहीबाहेर मांडावा लागतो.

एमिल बर्लिनर या जर्मनींत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत स्थायिक झालेल्या संशोधकानें १८८७ सालीं चपट्या तबकडीवर आवाज उमटविणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदविला. एडिसनच्या फोनोग्राफच्या नळकांड्यांच्या प्रती काढणें त्या काळीं कष्टाचें काम होतें. तबकडीचा एकदां सांचा झाला, कीं त्यावरून वाटेल तितक्या प्रती छापतां येत. व्यापाराचें सारें मर्म या एका गोष्टींत होतें. १८९८ सालीं लंडनला ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली; तबकड्या छापण्याचें काम जर्मनींतील हॅनोव्हर येथें चाले. पुढच्याच वर्षीं फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडून, कर्ण्यापुढें कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र कंपनीनें विकत घेतलें. मूळ चित्रांत एडिसनच्या धर्तीचें यंत्र होतें. तें पुसून त्या जागीं ग्रामोफोन रंगवून घेतल्यावरच सौदा पुरा झाला! त्या चित्राचें ‘हिज् मास्टर्स व्हॉइस’ हें नांवच पुढें कंपनीची ओळख होऊन बसलें.

आरंभीं कंपनीला विकावयाचें होतें तें यंत्र. गाणें हें यंत्र खपविण्याचें साधन. या देशांत यंत्र खपवावयाचें तर गाणेंहि येथलेंच हवें, हें ओळखून १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास येऊन उतरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरांत गौहरजानचें गाणें मुद्रित झालें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत पुकारी. हॅनोव्हरच्या कारागिरांस कोणती तबकडी कोणाची, हें त्यावरून कळे. मौज अशी, कीं तबकडी ज्या लाखेची होत असे, ती लाख आपल्याकडच्याच रानांतली. लाख आणि गाणें हीं दोन्ही येथून परदेशीं जात आणि तबकडीच्या रूपानें येथेंच विकावयास येत. १९०८ सालीं कंपनीनें कलकत्त्यास कारखाना काढला, तेव्हां हा द्राविडी प्राणायाम संपला. १९२८ सालीं कारखाना दमदमच्या प्रशस्त जागेंत गेला.

कलकत्त्याचा माल महाराष्ट्रांत येण्याची वाट लोहमार्गाची. नागपूरवरून येणारा आणि जबलपूरवरून येणारा असे दोन्ही मार्ग भुसावळास एकत्र होतात व मनमाडवरून मुंबईकडे जातात. १८७८ सालीं सुरू झालेला दौंडचा मार्ग मनमाडहून नगर-पुण्याच्या दिशेस वळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद-जालन्याचा मार्गहि येथेंच येऊन मिळाला. त्या मार्गाचे रूळ मीटर गेजचे, म्हणून माल एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावा लागे. लाखेच्या ठिसूळ तबकडीला ही चढउतार म्हणजे जिवावरचेंच संकट! ज्या वाटेनें नाटकमंडळ्या पडदे आणि पेट्या घेऊन खानदेश-वऱ्हाडांतून पुण्याकडे जात, त्याच वाटेनें नाटकांतलीं पदें आतां खोक्यांत भरून जाऊं लागलीं. मंडळीचा मुक्काम हंगामापुरता असे. तबकडी एकदां घरांत आली, कीं ती घरचीच होई.

या व्यापारानें काय राखलें आणि काय गमावलें, हें दोन नांवांवरून ध्यानीं येईल. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. ध्वनिमुद्रक आला तो दुसऱ्या वर्षीं. येथें दोष काळाचा. परंतु भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, कंपनीचा धंदा तोंवर वीस वर्षांचा झाला होता, तरी बुवांचें गाणें आज तबकडीवर ऐकावयास मिळत नाहीं. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनीं दिलेल्या चाली कानीं पडतात त्या त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्यांतून. गुरूचा आवाज विरला. शिष्याच्या गळ्यांत चाल तेवढी उरली.

तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. ‘वन्समोअर’ घेत तासतास रंगणाऱ्या पदाला ही मर्यादा जाचक होती. परंतु त्याच मर्यादेंत मराठी भावगीत वाढीस लागलें. नागपूरचे तरुण वकील गोविंदराव जोशी यांनीं १९३० नंतर लवकरच ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तबकडीवर आणली आणि ती घरोघर गेली. हेच जी. एन. जोशी १९३८ सालीं कंपनीच्या नोकरींत शिरले. पुढें कितीतरी गायकांचें गाणें त्यांच्या देखरेखीखालीं मुद्रित झालें. पेढी परकी असली, तरी कोणता आवाज टिपावा हें ठरविणारा कान मराठी असल्याचा हा लाभ.

१९३१ सालीं इंग्लंडांत कोलंबिया आणि ग्रामोफोन या प्रतिस्पर्धी कंपन्या एक होऊन ई. एम. आय. हा बलाढ्य संघ निर्माण झाला. त्याला तोंड देण्याची हिंमत मुंबईंत वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीनें केली. १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या नांवानें तिच्या तबकड्या निघूं लागल्या. ज्यांना मोठ्या कंपनीचें दार उघडलें नव्हतें, अशा अनेकांचे आवाज या स्वदेशी तबकड्यांमुळें राहिले. सुमारें वीस वर्षें झुंजून ती कंपनी बंद पडली.

थोरल्या कंपनीचेंहि रूप पालटत गेलें. १९४६ सालीं ती भारतांत स्वतंत्रपणें नोंदली गेली. लाखेची तबकडी जाऊन दीर्घ वादनाची तबकडी आली. मग कॅसेट आली आणि स्वस्त नकलांनीं बाजार भरला. १९८० नंतरच्या दशकांत कंपनी गोयंका समूहाकडे गेली व २००० सालीं ‘सारेगामा’ झाली. २०१७ सालीं तिनें जुनीं गाणीं भरलेलें ‘कारवां’ हें यंत्र बाजारांत आणलें. यंत्र खपविण्यासाठीं गाणें, हा १९०२ सालचाच मंत्र पुन्हां उपयोगी पडला!

तात्पर्य काय? व्यापारी सांठवितो तें खपणारें. न खपणारें जपण्याचें काम समाजाचें आहे. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेनें तें अंगावर घेतलें. आपल्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें राहतो. म्हणजे जुन्या मुद्रणांवरील मालकी सरली आहे, उरली आहे ती जबाबदारी. माळ्यावर धूळ खात पडलेली एखादी तबकडी भंगारवाल्याच्या हवालीं करण्यापूर्वीं तिच्यावरील नांव एकदां वाचून पाहावें. तो आवाज दुसरीकडे कोठेंच उरलेला नसेल.