राहुटी : इतिहासाच्या प्रदर्शनावर आपल्या हातचं छप्पर



शिवजयंतीला, राज्याभिषेक दिनाला, कधी गावच्या जत्रेतसुद्धा हल्ली शस्त्रांची प्रदर्शनं भरतात. तलवारी, भाले, ढाली, पट्टे मांडलेले असतात आणि प्रत्येक वस्तूजवळ नावाची पाटी असते. वरचं छप्पर मात्र निळ्या प्लास्टिकचं, नाहीतर लग्नाच्या मांडवाचं झगमगीत कापड. पाहणाऱ्याला वाटतं, लढाई म्हणजे नुसती तलवार. पण फौज लढते थोडे दिवस आणि मुक्काम करते वर्षातले कितीतरी महिने. त्या मुक्कामाला छप्पर लागतं, छपराला कापड लागतं, कापडाला सूत लागतं. आमच्या शिवणकाम गटाने अशाच एका प्रदर्शनासाठी जुन्या पद्धतीची राहुटी शिवली, तेव्हा हा सगळा इतिहास आम्ही वाचून काढला. आज तो तुम्हाला सांगतो आणि राहुटी कशी शिवायची तेही सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ. दोन खांब, त्यांवर एक आडवं आढं आणि दोन्ही बाजूंना उतरतं कापड, ती राहुटी. त्याहून बुटकं, वाकून शिरावं लागेल असं ते पाल. मोठ्या माणसाचा ऐसपैस तंबू तो डेरा. बाजू मोकळ्या ठेवून नुसतं वर छत धरलं की शामियाना. आणि आडोशाला उभी केलेली कापडाची भिंत म्हणजे कनात. मांडववाल्यांच्या तोंडी यातले बरेच शब्द आजही आहेत.

आता इतिहास. मोगल बादशहाची छावणी म्हणजे कापडाचं चालतं शहरच. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'ऐने अकबरी'त तिचा हिशेब दिला आहे. बादशहाचा एक मुक्काम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. सोबत हजारभर फरास असत. फरास म्हणजे तंबू उभारणारा, बिछायत घालणारा माणूस. शिवाय सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, चामड्याचं काम करणारे, पाणके, झाडूवाले. असे तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असला की दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. लाल कनात ही बादशाही निवासाची खूण होती. म्हणून साध्या शिपायाची राहुटी दाखवताना शोभेसाठी लाल कापड लावायचं नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवलं.

शिवाजी महाराजांच्या फौजेची रीत निराळी होती. सभासद बखरीत लिहिलं आहे की पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचं आणि दसऱ्याला मुलुखगिरीला निघायचं. लष्करात बायका, बटक्या, कलावंतिणी न्यायला बंदी होती. सगळा भर वेगावर, म्हणून ओझं कमी. पण याचा अर्थ महाराजांना तंबूचं महत्त्व ठाऊक नव्हतं असा नाही. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट ठरली, तेव्हा तिथे मुद्दाम थाटाचा शामियाना उभारला होता. स्वराज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना आणि दारूखान्याच्या बरोबरीने फरासखानाही मोजला आहे. पुण्यात शनिवारवाड्याजवळचं फरासखाना हे नाव पेशव्यांच्या अशाच कोठारावरून आलेलं. तंबू, कनाती, गालिचे तिथे ठेवले जात.

पुढे फौजा मोठ्या झाल्या तसं ओझंही वाढलं. पानिपतावर गेलेल्या मराठी फौजेबरोबर यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, कुटुंबं होती. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. १७६०च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१च्या लढाईपर्यंत हा सगळा जमाव उत्तरेच्या थंडीत खंदकाआड तंबूंत राहिला. पानिपत म्हटलं की आपण रणांगण आठवतो. पण अडीच महिन्यांचा तो मुक्काम, आटत चाललेलं धान्य आणि कापडाच्या भिंतीआडची थंडी हेही पानिपतच होतं.

या तंबूंपैकी आज काय उरलं? राजांचे उरले. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात मखमलीचा 'लाल डेरा' जपलेला आहे. टिपू सुलतानाचा फुलांच्या नक्षीचा छापील सुती तंबू १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती गेला. तो आता वेल्स देशातल्या पोविस नावाच्या वाड्यात आहे. मधल्या काळात साहेबलोकांनी तो बागेतल्या मेजवान्यांसाठीही वापरला. साध्या शिपायाची राहुटी मात्र कोण जपणार? ती पावसात कुजली, नाहीतर फाटल्यावर तिची ठिगळं आणि पोतेरी झाली. आपल्या घरी जुन्या लुगड्याचं होतं तेच.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४च्या सुमाराला निघाली. त्याआधी आपल्याकडे कापडाचं सूत हातानेच कातत आणि कातणाऱ्या बहुतेक बायकाच असत. कोष्टी, साळी, मोमीन मागावर बसत. पण एका मागाला सूत पुरवायला अनेक चरखे फिरावे लागत. म्हणजे हजारो राहुट्यांची छावणी माळावर पडायची, तिच्यामागे घरोघरच्या ओसरीवर कातणाऱ्या बायका होत्या. ऐने अकबरीत हत्ती मोजलेले आहेत, फरासही मोजलेले आहेत. कातणारीला कोणी मोजलेलं नाही. लष्करी इतिहासात बायका कुठे होत्या असं कोणी विचारलं, तर राहुटीच्या कापडाकडे बोट दाखवता येतं.

कापडाबद्दल आणखी एक गंमत. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला 'डंगरी' नाव पडलं, असं मानतात. त्यातला जाड प्रकार तंबूंना आणि जहाजांच्या शिडांना जायचा. तेच नाव साहेबाच्या देशात फिरून आलं आणि आज कारखान्यातला कामगार आपल्या जाड पोशाखाला डांगरी म्हणतो.

आता राहुटी शिवायची कशी ते ऐका. आमचं माप असं : उंची ६ फूट, जमिनीवर रुंदी ८ फूट, लांबी साधारण ८ फूट. कापड न रंगवलेलं, न धुतलेलं, जाड सुती. दोसुती चालतं, साधं कॅनव्हास चालतं. चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं बघा. पन्हा ३६ इंचांचा घ्या. हल्ली मोठ्या पन्ह्याचं मिळतं आणि शिवायला सोपंही जातं, पण हातमागाचं कापड विणकराच्या हाताच्या पोहोचेएवढंच रुंद असायचं. म्हणून जुन्या तंबूला जोड जास्त. ते जोड दिसले तरच तो जुन्या घडणीचा वाटतो.

छताला १५ फुटांच्या तीन पट्ट्या लागतात. पट्टी एका बाजूच्या जमिनीपासून आढ्यावरून पलीकडच्या जमिनीपर्यंत एकसलग जाते. त्यामुळे जोड उताराच्या दिशेने येतात आणि पाणी जोडावर न साचता खाली निघून जातं. पाठीमागची बाजू आणि पुढचे दोन पडदे धरून सगळं मिळून २२ मीटर कापड पुरतं.

कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. कोऱ्या कापडात खळ असते, ती निघते आणि कापड आटायचं तेवढं आधीच आटून घेतं. नाहीतर पहिल्या पावसात राहुटी आखूड होते. जोड देताना दोन्ही काठ एकमेकांत दुमडून घ्या आणि त्यावर दोन शिलाया मारा. मशीनवर १८ नंबरची सुई लावा. दोरा सुतीच घ्या, पॉलिस्टरचा नको. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. आढ्यावर कापड घासतं, तिथे आतून ८ इंचांची दुहेरी पट्टी द्या. कोपऱ्यांवरही ठिगळ हवंच.

शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातलं. ठोकून बसवायच्या पितळी रिंगाही त्याच शतकातल्या. शिवकालीन राहुटीला या दोन्ही गोष्टी शोभत नाहीत. आम्ही आतल्या लांब शिलाया मशीनवर घेतल्या आणि डोळ्यांना दिसतील त्या सगळ्या हाताने घातल्या, दोऱ्याला मेण लावून. रिंगांच्या जागी काठाला दोरीचे फास शिवले, एकेका बाजूला चार.

खांब आणि आढं बांबूचं. खांबाच्या टोकाला खिळा बसवायचा आणि आढ्याला भोक पाडून त्यावर बसवायचं. मेखा बाभळीच्या, हातभर लांब, बारा-चौदा पुरतात. तणावे अंबाडीचे नाहीतर सुती दोराचे. नायलॉनची दोरी विसाव्या शतकातली, ती पिशवीतच राहू द्या. एक लक्षात ठेवा : असा दोर भिजला की आखडतो. पाऊस आला की तणावे थोडे सैल करायचे, नाहीतर मेख तरी उपटते, नाहीतर शिवण तरी फाटते. राज्याभिषेक दिन ६ जूनला येतो, म्हणजे मृगाच्या तोंडावर. तेव्हा ही सवय कामाला येते.

पहिल्या पावसात कापडातून बारीक तुषार आत येतात. घाबरू नका. सूत फुगलं की वीण घट्ट बसते. मात्र भिजलेल्या कापडाला आतून हात लावायचा नाही, कारण हात लागला तिथून पाणी झिरपायला लागतं. प्रदर्शन पाहायला आलेल्या पोरांना हे आधी सांगून ठेवा. ओली राहुटी घडी घालून ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. कडक उन्हात वाळवा, मगच बांधा आणि उंदरांपासून उंचावर ठेवा.

आत दिवा, चूल पेटवायची नाही. चुलीचे दगड बाहेर लांब मांडावेत, जवळ वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या असाव्यात. आणि संरक्षित गडावर मेख ठोकायची किंवा खड्डा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा पायथ्याच्या गावात मोकळ्या जागेवर उभारणं बरं. आत घोंगडी, पाण्याची पखाल, भाकरीची परात एवढं मांडलं तरी मुक्काम डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता हिशेबाचं. आम्हाला काम सांगणारे म्हणाले, कापड आम्ही देतो, शिलाईचं काय ते नंतर बघू. आम्ही कागद पुढे ठेवला. त्यावर चार रकाने होते : कापड, दोर-बांबू-मेखा, मशीनची शिलाई आणि हातशिलाई. हातशिलाईला वेळ कितीतरी जास्त लागतो, म्हणून तिचा दर वेगळा. सामानाचे पैसे आगाऊ, बाकीचे राहुटी उभी राहिल्यावर. दोन दिवस बोलणी चालली, मग कागदावर सही झाली. तलवार भाड्याने आणायला पैसे असतात, छप्पर शिवणारीला नसतात, असं का, एवढंच आम्ही विचारलं होतं. मैत्रिणींनो, काम देशभक्तीचं आहे म्हणून मजुरी सोडू नका. फरासखान्यातल्या माणसांनाही पगार होता.

दुसरी मागणी पाटीची होती. ढालीजवळ ढालीची पाटी, तशी राहुटीजवळ राहुटीची. तिच्यावर आम्ही लिहून घेतलं : हा कोणत्या प्रकारचा तंबू, कापड कोणतं, हाताने किती शिवलं आणि कोणत्या गटाने शिवलं. तलवारी बघायला आलेल्या बायका या पाटीपाशी थांबत होत्या, कापड बोटांत धरून शिवण बघत होत्या. एका आजींनी आपली आई चरख्यावर सूत कातायची ते तिथेच नातीला सांगितलं.

तुमच्या गावाजवळ गड असेल, गढी असेल, एखादी समाधी असेल. तिथे प्रदर्शन भरणार असेल तर तुमच्या गटाने आत्ताच जाऊन विचारावं, छप्पर कोण करणार आहे? २२ मीटर कापड, चार मैत्रिणी आणि हिशेबाचा एक कागद, एवढ्यावर सुरुवात होते. पाटीवर गटाचं नाव मात्र लिहून घ्या.