दाम अंतराचा की हद्दीचा?

'रोमिंग' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. भटकणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण माणूस भटकू लागला म्हणजे त्याच्या खिशातला मोबाइलही भटकतो, आणि या भटकण्याचे पैसे कशाबद्दल द्यावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न अगदी आजकालचा दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो ओळखीचा वाटतो. कारण टपालाच्या बाबतीत हाच वाद पूर्वी एकदा होऊन गेला आहे.

कंपनी सरकारच्या १८३७ च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र धाडावयाचे तर १ रुपया पडे. जितके अंतर अधिक तितका दाम अधिक, असा तो सरळ हिशेब. त्याच १८३७ साली इंग्लंडात रोलंड हिल या गृहस्थाने एक पुस्तिका लिहून या हिशेबालाच हात घातला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग एवढाच येतो, असे त्याने आकडे मांडून दाखविले. मग बाकीचे पैसे जात कोठे? ते जात अंतर मोजण्यात, आकार ठरविण्यात आणि दारोदार वसुली करण्यात! त्या काळी पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावयाचे असत. तेव्हा गरीब माणसे पाकिटावरच काही खूण करून ठेवीत. घेणारा ती खूण पाही, घरची खुशाली समजून घेई आणि पत्र तसेच परत करी.

हिलचे म्हणणे मान्य होऊन १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनभर एक पेनीचा दर सुरू झाला. आपल्याकडे डलहौसीच्या कारकिर्दीत, १ ऑक्टोबर १८५४ पासून, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा ठरला. पेशावर असो की मद्रास, दाम एकच.

आता मोबाइलकडे वळू. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलून भारतातल्या मोबाइल सेवेचा आरंभ केला. परवाने देताना सरकारने देशाची 'सर्कल' पाडली होती. त्यांत मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक. परिणाम मोठा गमतीचा झाला. कोल्हापूरचा मोबाइल पणजीला गेला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला, तरी तो आपल्या घरातच; आणि तोच मुंबईला, म्हणजे स्वतःच्या राजधानीत आला, की पाहुणा! पाहुणा ठरला की रोमिंगचा दाम सुरू.

हा दाम अगदीच निराधार होता असे नाही. पाहुणा मोबाइल परक्या मनोऱ्याच्या टापूत येताच तेथील यंत्रणा त्याच्या मूळ कंपनीच्या नोंदवहीत चौकशी करते, आणि पुढे दोन कंपन्यांचा आपसांत हिशेब होतो. त्याला खर्च आहेच. पण हे सारे काम यंत्रे करतात. शिवाय घाट चढल्याने त्या खर्चात अशी कोणती भर पडते?

सोसावे लागले ते मात्र माणसांना. १ मे २००३ पासून आलेला कॉल फुकट झाला, पण तो आपल्या सर्कलपुरताच. मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात गेला की आलेल्या कॉललाही पैसे. गावचे सिमकार्ड घेऊन मुंबईत राबणाऱ्याची तीच गत. मग 'मिस्ड कॉल' देऊन खुशाली कळवावयाची. पाकिटावरच्या त्या खुणेचेच हे नवे रूप नव्हे काय?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, रोमिंगमध्ये आलेल्या कॉलला २००७ मध्ये मिनिटाला १ रुपया ७५ पैसे अशी कमाल मर्यादा घातली. २०१३ मध्ये ती ७५ पैशांवर आणि २०१५ मध्ये ४५ पैशांवर आली. सप्टेंबर २०१६ मध्ये बाजारात नवी कंपनी उतरली, तिने देशात रोमिंगचा आकार घेतलाच नाही. २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही तो सोडला. नाका उठला आणि आभाळ काही कोसळले नाही. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे २०१४ साली १ जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडत, ते २०१८ साली १२ रुपयांच्या आत आले. आणि देशातला वर्षाचा वापर ८२.८ कोटी जीबीवरून ४,६४० कोटी जीबीवर गेला. स्वस्त टपालाने पत्रे वाढली, त्यातलाच हा प्रकार.

देशाबाहेरची गोष्ट अजून निराळी आहे. युरोपीय संघात २०१२ साली रोमिंगच्या डेटाला मेगाबाइटला ७० सेंट ही कमाल मर्यादा ठरली. म्हणजे १ जीबीला सुमारे ७०० युरो, आणि तेसुद्धा 'नियंत्रित' दराने! तेथेही दर उतरत उतरत १५ जून २०१७ पासून संघातल्या संघात घरचाच दर लागू झाला. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडले, आणि २०२२ मध्ये काही ब्रिटिश कंपन्यांनी दिवसागणिक आकार पुन्हा बसविला. इंग्लिश खाडी काही रुंदावली नव्हती. रेघ तेवढी नव्याने ओढली गेली.

परदेशी रोमिंगमध्ये वेग मंदावतो, त्याचेही कारण समजून घ्यावे. लंडनमध्ये आपण एखादे पान उघडले की बहुधा ती मागणी आधी भारतातल्या आपल्या कंपनीकडे येते, तेथून इंटरनेटवर जाते, आणि उत्तरही त्याच वाटेने लंडनला परतते. शेजारच्या घरी निरोप धाडावयाचा, पण आपल्या गावावरून! म्हणून परदेशी निघताना 'डेटा रोमिंग' बंद ठेवावे, आपल्या कंपनीचा दर आधी विचारावा, मुक्काम लांबणार असेल तर तेथलेच सिम घ्यावे. आपल्या नकळत मोबाइल पार्श्वभूमीवर डेटा ओढत असतो, हे विसरू नये.

तात्पर्य एवढेच की, दळणवळणाचा दाम किती, हे विचारण्यापूर्वी तो कशाचा, हे विचारावे. तारा, मनोरे, वीज आणि माणसांचे श्रम यांचा दाम आपण आनंदाने द्यावा. नकाशावरच्या रेघेचा दाम मात्र कोणी मागू लागला, तर रोलंड हिलप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो मागितला गेला म्हणूनच आज गणपतीला गेलेल्या चाकरमान्याशी पोटभर बोलता येते.