परीटघडी आणि सात समुद्र

समुद्रप्रवासाचा इतिहास आजवर बहुधा तोफा, मसाले आणि नकाशे ह्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोणत्या गलबताने कोणते भूशिर ओलांडले हे शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु त्या गलबतावरील माणसांनी अंगातले सदरे कोठे व कसे धुतले, हा प्रश्न इतिहासकारांस क्षुल्लक वाटत आला. आम्हांस तो तसा वाटत नाही. आपण नोकरदार मंडळी स्वतःस ‘पांढरपेशे’ म्हणवितो. हा शब्द विद्येवरून नव्हे, वस्त्राच्या शुभ्रतेवरून पडलेला आहे, आणि ती शुभ्रता आपण क्वचितच स्वतःच्या हाताने निर्माण करतो. ज्या वर्गाचे नावच दुसऱ्याच्या श्रमावर उभे आहे, त्याने त्या श्रमाची बखर एकदा तरी वाचावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

शिडाच्या जहाजांच्या काळी इंग्लंडहून हिंदुस्थानास यावयास चार ते सहा महिने लागत. गोडे पाणी पिंपांत भरून आणावयाचे व मापाने वाटावयाचे. ते पिण्यास पुरले म्हणजे मिळविली. धुण्यासाठी पाणी मागणे हा जवळजवळ गुन्हाच होता. म्हणून कंपनी सरकारच्या नोकरीत रुजू होण्यास निघालेला तरुण डझनावारी सदरे पेट्यांत भरून आणी, मळलेला सदरा बाजूस टाकी व नवा काढी. खलाशांस ही चैन नव्हती. ते पावसाची वाट पाहत. आभाळ भरून आले की शिडाची कापडे ताणून पाणी धरावयाचे आणि महिन्याचे धुणे उरकावयाचे.

समुद्रात असताना पाण्याची ददात कशी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. समुद्राच्या पाण्यातील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात, आणि मिठाच्या आधिक्याने साबण विरघळेनासा होतो. फेस येत नाही. आणि कापड वाळले तरी मीठ त्यात राहून हवेतील ओल शोषीत राहते. ह्यास अपवाद नारळाच्या तेलाच्या साबणाचा. तो खाऱ्या पाण्यातही बराच फेसाळतो, म्हणून खलाशांसाठी खास ‘मरीन सोप’ ह्याच तेलापासून करीत. आमच्या कोकणच्या माडाने सागरी धुलाईस असा हातभार लावला आहे.

वाफेची जहाजे आली तेव्हा प्रवासाचा काळ घटला, पण धुण्याची अडचण प्रथम वाढलीच. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली आणि वाटेतील मुक्काम धरून बत्तीस दिवसांत तेथे पोचली. तिच्या कोठारात पुरेसा कोळसा मावेना, म्हणून तो उतारूंच्या जागेत व तक्तपोशीवरही रचावा लागला. पुढे १८३९ मध्ये कंपनीने एडन घेतले ते आगबोटींना कोळसा पुरविण्याचे ठाणे म्हणूनच. हे एडन जवळजवळ शंभर वर्षे, १९३२ पर्यंत, मुंबई इलाख्याच्या कारभारात होते. तेथे कोळसा भरणे चालू झाले की खिडक्या बंद करूनही काळी भुकटी पेटीतल्या कपड्यांपर्यंत पोचे. कोळसा उगाळावा तितका काळा, ही म्हण त्या उतारूंस शब्दशः पटली असेल!

मात्र त्याच वाफेने पुढे उपायही दिला. समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून गोडे पाणी करणे शक्य झाले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई-लंडन प्रवास आठवड्यांवर आला. तरीही जहाजावर धुलाईखाना ही वस्तू सार्वत्रिक होण्यास फार अवकाश लागला. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पोहण्याचा हौद होता, व्यायामशाळा होती, परंतु धुलाईखाना नव्हता; चादरी व रुमाल बंदरात उतरवून किनाऱ्यावर धुण्याची योजना होती. श्रीमंतीच्या शिखरावरही मळके कपडे जमिनीवरच्या हातांची वाट पाहत होते.

आमच्या समाजात ह्या प्रश्नास आणखी एक पदर होता. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, वेश बदलणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर केले होते. लुगडे धुण्यास किती पाणी लागते हे घरोघरी ठाऊक आहे. जेथे पाणी मोजून मिळे तेथे ह्या निश्चयाची किंमत रोजची असणार. परदेशगमनाच्या वादात शास्त्री-पंडितांनी अभक्ष्यभक्षणाविषयी पुष्कळ लिहिले. पण समुद्रावर सोवळ्याचे खरे कोडे ताटात होते तितकेच दोरीवर होते.

कारण सोवळ्याचा हिशेब विलक्षण होता. परीटघडीचे धोतर म्हणजे जगात मिरविण्यासारखे वस्त्र. परंतु तेच देवघरात चालत नसे. परटाच्या हातून आलेले कापड घरच्या पाण्यातून पुन्हा काढल्यावाचून शुद्ध मानीत नसत. ज्याने मळ काढला त्याच्याच स्पर्शाने कापड विटाळले, असा हा न्याय! येथे बंगळूरात आल्यावर आम्हांस ह्या न्यायाची दुसरी बाजू भाषेतच सापडली. कन्नडमध्ये ‘मडि’ म्हणजे सोवळे, पावित्र्य; आणि परटास म्हणतात ‘मडिवाळ’. शहराच्या दक्षिणेकडील एक उपनगर हेच नाव धारण करून आहे. रोज हजारो लोक ते बसच्या पाटीवर वाचतात. ज्यास सोवळ्याबाहेर ठेवले, त्याचे नाव मात्र सोवळ्यावरून! बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या परिवारात मडिवाळ माचिदेव नावाचे शरण होऊन गेले. ते धंद्याने परीट होते, आणि त्यांची वचने आजही कन्नड साहित्यात आदराने वाचली जातात. आपल्याकडे गाडगेबाबा (१८७६-१९५६) ह्याच परीट समाजात जन्मले आणि हाती खराटा घेऊन त्यांनी गावेच्या गावे झाडली. दोघांनीही शुद्धतेचा अर्थ धंद्याच्या बाजूने सांगितला, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि १८०९ मध्ये बंगळूरची छावणी वसली. पलटण म्हटली की तिच्याबरोबर भिस्ती, मोची आणि धोबी आलेच. अशा छावण्यांतून व बंदरांतून ‘धोबी’ हा शब्द इंग्रज शिपायांच्या व खलाशांच्या तोंडी बसला. यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्यास जागा मिळाली. ब्रिटिश आरमारात तर तो क्रियापदच झाला: कपडे धुणे म्हणजे ‘धोबी करणे’, धुण्याची पूड म्हणजे ‘धोबी डस्ट’. हिंदुस्थानातून राज्य गेले तरी शब्द जहाजावर राहिला. पुढे ब्रिटिश युद्धनौकांवर हे काम हाँगकाँगचे चिनी लोक करीत; तरी कामाचे नाव ‘धोबी’च. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात ‘शेफील्ड’ आणि ‘कॉव्हेंट्री’ ह्या नौकांवर जे प्राणास मुकले, त्यांत असे चिनी धुलाई कामगारही होते. ते सैनिक नव्हते. दुसऱ्याचे सदरे धुण्यासाठी ते दक्षिण अटलांटिकपर्यंत गेले होते.

धोब्याची दुसरी देणगी वैद्यकाच्या पुस्तकांत गेली. कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी आपले परीट बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. चुन्याबरोबर तो रस काळा होतो आणि धुतल्याने जात नाही. ह्या झाडाच्या शास्त्रीय नावातील ‘सेमेकार्पस’ ह्या शब्दाचा अर्थच खुणेचे फळ असा आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर व कमरेवर, नेमके खुणेच्या जागी, पुरळ उठू लागले. अमेरिकी लष्करी वैद्यांनी १९४३ मध्ये ह्या विकाराचे वर्णन ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ म्हणून प्रसिद्ध केले. मराठीत ‘बिब्बा घालणे’ म्हणजे काय, हे त्या वैद्यांस कोणी समजावून सांगितले असते तर निदान लवकर झाले असते.

मुंबईत धुलाई आणि समुद्र ह्यांची गाठ एका जागेच्या नावातच पडलेली आहे. धोबी तलाव बुजून गेला, नाव उरले. आणि त्याच परिसरात गोमंतकीय खलाशांची ‘कुडे’ उभी राहिली. गावागावाच्या नावाने चाललेल्या ह्या सामायिक खोल्यांत, दोन जहाजांच्या मधल्या काळात, आपली पेटी भिंतीशी ठेवून गोव्याचा माणूस राही. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर भोजनगृह व उतारूंच्या खोल्या ह्यांची सेवा मुख्यतः गोमंतकीयांकडे असे, तर तक्तपोशीवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत. साहेबाच्या टेबलावरचे कापड शुभ्र असावे म्हणून जपणारे हात आपल्याच किनाऱ्यावरचे होते.

आज चित्र बदलले आहे. २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या सफरी सुरू झाल्या आणि गोव्यापर्यंत निव्वळ सहलीसाठी जहाजाने जाणे आपल्या मध्यमवर्गाच्याही विचारात आले. अशा मोठ्या सहलजहाजांवर खोलीतच कापडी वा कागदी पिशवी व छापील यादी ठेवलेली असते. सदरे किती, विजारी किती हे भरावयाचे, पिशवी बाहेर द्यावयाची. नगागणिक आकार खात्यावर चढतो व कपडे घडी होऊन येतात. पाणी समुद्रातूनच घेऊन बाष्पीभवनाने वा दाबाखाली गाळून गोडे केलेले असते. खोलीत स्वतःची इस्त्री मात्र वापरू देत नाहीत, आणि त्यास कारण आहे. जहाजावर आगीसारखा शत्रू नाही. २० जुलै १९९८ रोजी मायामीहून निघालेल्या ‘एक्स्टसी’ जहाजास आग लागली ती मुख्य धुलाईखान्यातच. जोडकामाची ठिणगी कापसाच्या तंतूंस लागून ती पसरली.

हा धुलाईखाना बहुधा जहाजाच्या खालच्या मजल्यांवर असतो. तेथे खिडकी नसते. उष्मा, दमटपणा आणि यंत्रांचा घोष असतो. हजारो उतारूंच्या चादरी व टॉवेल रोज तेथून जातात. २००६ मध्ये जिनीव्हा येथे मंजूर झालेल्या सागरी श्रम संकेताने ह्या कामगारांसही नाविक ठरविले. तो २०१३ मध्ये अमलात आला. कामाच्या तासांची मर्यादा घालावयाची तर चोवीस तासांत चौदांहून व आठवड्यात बाहत्तरांहून अधिक काम नाही, असा त्याचा नियम आहे. कचेरीत साडेपाचास घड्याळाकडे पाहणाऱ्या आम्हां मंडळींनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. ही मर्यादा मिळवावयासही एकविसावे शतक उजाडावे लागले.

पिंपातल्या पाण्यापासून गाळलेल्या समुद्रापर्यंत धुण्याची साधने बदलत गेली. एक गोष्ट बदलली नाही. बिब्ब्याची खूण असो वा छापील यादी, तिच्यात कपडा कोणाचा हे लिहिलेले असते, धुतला कोणी हे लिहिलेले नसते. बदलीच्या गावी नवे बिऱ्हाड थाटताना आपण दूधवाल्याची व वाण्याची चौकशी करतो, तशी परटाचीही करतो. त्याचे नाव मात्र आपण क्वचितच विचारतो. मल्लेश्वरमच्या धोबीघाटावर अजूनही दोऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांच्या रांगा वाळत असतात. पांढरपेशा वर्गाचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचे पहिले पान तेथे उघडावे, आणि त्यावर प्रथम कपड्याच्या धन्याचे नव्हे, धुणाऱ्याचे नाव घालावे.