हिऱ्याच्या वैगुण्याची बखर

गोवळकोंड्याच्या बाजारात हिरा उजेडाकडे धरून काकपद, बिंदू, रेषा असे दोष हेरणाऱ्या जवाहिऱ्यांच्या दप्तरी ज्याची नोंद होणे शक्यच नव्हते, असे एक वैगुण्य विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने हुडकून काढले. कार्बनच्या सुबद्ध स्फटिकरचनेत एका अणूच्या जागी नायट्रोजन ठाण मांडतो, लगतची जागा रिकामी राहते, आणि तेथे अडकलेले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश पडताच तांबडे तेज फेकू लागतात. १९९७ साली जर्मनीतील केम्निट्स येथे व्राख्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एकेकटे वैगुण्य सामान्य तापमानाला न्याहाळले; त्यावर २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की ते तेज मंदावते, आणि चुंबकक्षेत्र बदलले की ही वारंवारिताही सरकते; म्हणजे हे वैगुण्य चुंबकक्षेत्राचे अतिसूक्ष्म मापकच ठरते.

अशा मापकाची खरी निकड होती ती अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या शास्त्राला. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे प्रस्थापित केलेले, आणि १९५१ साली स्टॅनफर्डला मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनची तीन निरनिराळी शिखरे दाखवून रसायनशास्त्रज्ञांना हस्तगत झालेले हे तंत्र (त्या प्रयोगावरील निबंधाच्या तीन लेखकांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येची घडी बसवली) मुळातच दरिद्री होते. कारण एक टेस्लाच्या क्षेत्रातही, सामान्य तापमानाला, दहा लाख हायड्रोजन-केंद्रकांमागे क्षेत्राच्या दिशेने वळलेल्या जेमतेम तीन-चारांचे आधिक्य शिल्लक राहते, बाकीची परस्परांचा परिणाम पुसून टाकतात.

या दारिद्र्यावर तोडगा म्हणून २०१३ मध्ये श्टुटगार्ट आणि कॅलिफोर्नियातील आयबीएमची प्रयोगशाळा येथील संशोधकांनी हिऱ्याच्या पृष्ठाखाली काही नॅनोमीटरवर असलेल्या वैगुण्याकडून वरच्या सेंद्रिय द्रव्यातील हायड्रोजनची चाहूल घेतली. पुढे हार्वर्डला काही पिकोलिटर द्रवातून रासायनिक भेद ओळखण्याइतके सूक्ष्म वर्णपट मिळाले. याच कामी लागणारा हिरा मोठ्या कसोशीने शुद्ध करून मग हेतुपुरस्सर बिघडवतात: नायट्रोजनचे आयन त्यात घुसवायचे आणि सुमारे आठशे अंशांवर तापवायचे, म्हणजे भटकत्या रिकाम्या जागा नायट्रोजनापाशी येऊन स्थिरावतात. गोवळकोंड्याचे नायट्रोजनविरहित म्हणून वाखाणलेले हिरे मूळ रूपात येथे कुचकामीच ठरले असते, हे सराफांना पटणे अवघड.

त्या दारिद्र्यावरचा दुसरा मार्ग अधिक धाडसी: प्रकाशाने वैगुण्यातील इलेक्ट्रॉनांना एकाच अवस्थेत येण्याची शिस्त लावायची आणि ती शेजारच्या कार्बन-१३ केंद्रकांकडे हस्तांतरित करायची, हे बर्कलेच्या पाइन्स यांच्या गटाने हिऱ्याच्या पुडीतही साधले. तीच शिस्त हिऱ्याबाहेरच्या द्रवाच्या हवाली करणे मात्र फार जड जाते, कारण वैगुण्य पृष्ठाजवळ आणावे तो तेथील भटक्या इलेक्ट्रॉनांचा गोंधळ त्यालाच त्रस्त करू लागतो.